न संपणारा निळा आयत

मी पुठ्ठा बोलतोय. हळू बोलतोय, कारण कात्री याच घरात असते.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. डोळे उघडले ते भाईंदर पूर्वेच्या एका फोटोफ्रेमच्या दुकानात. रंगाने छान निळा होतो हो मी! पण तसबिरीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून जन्म काढायचा, या विचारानेच माझे कोपरे दुमडायचे. स्वभावच मेला धास्तीचा.

दुकानाचे मालक जितेंद्र. चौकट नीट बसली का हे ते दोऱ्याने बघायचे. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणायचा, मग तोच दुसऱ्या दोन कोपऱ्यांना लावायचा. सारखा भरला की चौकट बरोबर. २००६च्या डिसेंबरात एका चौरस चौकटीचा असा कर्णाएवढा दोरा टेबलावर राहिला. त्यांची नववीतली मुलगी रुचिता हिला गणित प्रदर्शनासाठी आयत हवा होता. तिला वाटलं, दोरा म्हणजे वडिलांनी तिच्या आयताच्या लांबीसाठी काढून ठेवलेलं माप. रुंदी चौकटीच्या बाजूएवढी, लांबी दोऱ्याएवढी घेऊन तिने मला कापलं.

सुगंधाबाईंनी वर्गात शिकवलं होतं, की आयतातून मोठ्यात मोठा चौरस कापायचा, उरलेल्यातून पुन्हा तसंच करत जायचं. शेवटी नुसता चौरस उरतो. त्याची बाजू म्हणजे लांबी-रुंदीचा मसावि.

संध्याकाळी रुचिता कापायला बसली. माझ्यातून एक चौरस गेला. उरलेल्या पट्टीतून दोन गेले, तरी पट्टी उरली. पुन्हा दोन, पुन्हा पट्टी. देवा रे, मी करंगळीएवढा झालो आणि हिचं काही संपेना! तिचे डोळे भरून आले. वर्गातल्या बाकी सगळ्यांचे आयत संपले होते. उद्या परीक्षकांना उत्तर काय सांगणार?

जितेंद्र म्हणाले, "केसभर तासून टाक ना. आम्ही फ्रेमवाले तासतोच. कोणाला दिसतंय?"

कात्री माझ्या कडेला टेकली. मला घामच फुटायचा, पण पुठ्ठ्याला घाम परवडत नाही.

मग ती थांबली. मला आणि आधीच्या दोन चौरसांना तिने पुन्हा जोडून ठेवलं. आधीची पट्टी तयार झाली. मी हुबेहूब तिच्यासारखाच होतो, फक्त लहान. तिने मला तासलं नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षक सर म्हणाले, कापण्यात चूक झालीय. त्यांनी कात्री तिच्या हातात दिली आणि मसावि काढून दाखव म्हणाले. मी गारठलो.

"मसावि नाहीच आहे, सर." रुचिताने मला दोन चौरसांशेजारी ठेवलं. "दोन चौरस काढले की उरते ती पट्टी याच आकाराची. म्हणजे तिच्यातूनही दोनच निघणार आणि परत तशीच उरणार. शेवटचा चौरस कधी येणारच नाही."

सर पुढच्या टेबलाकडे गेले. बक्षीस वर्गातल्या संपदाला मिळालं. सुगंधाबाई मात्र वाकून बराच वेळ तुकडे लावून बघत राहिल्या.

"कात्री ठेव आता," त्या म्हणाल्या. "मला पटलं."

तेव्हा कुठे रुचिता रडली.

आता मी तिच्या कंपासपेटीत असतो. शेजारी कर्कटकाचं टोक, त्यामुळे झोप कसली! पाहुणे आले की ती मला तळहातावर घेऊन सगळं समजावते. मग हमखास कोणीतरी म्हणतं, "अजून एकदा कापून बघ की."

हात जोडतो, असं म्हणू नका. मी संपणार नाही हे खरं आहे. पण दर वेळी कापला जातो तो मीच.