चंबूतला उपास

पुनमने कोनाड्यातला काचेचा चंबू हलकेच हलवला, त्यातलं गढूळ पाणी थेंबभर नळीत ओढलं आणि नळी बर्फाच्या डब्यात खोचली.

"कोणाचा उपास म्हणलीस?" चुलीपासून सखुबाईंनी विचारलं.

"यीस्टचा, आई. पाव फुगवतं ते. साखर हाय तोवर ते तिच्यावरच जगतं, जगायच्या बाकीच्या जनुकांची पानं मिटलेली. साखर सरली की एक एन्झाइम जागं होतं अन् ती पानं उघडून वाचायला लावतं. मी तेच मोजून राहिले."

"म्हंजे भूक लागल्याबिगर अक्कल येत न्हाई. तुझ्या बापावानी."

दोघी हसल्या.

हा उपास मधेच मोडून चालणार नव्हता, म्हणून नांदेडहून गावी, हट्ट्यापर्यंत, तिने चंबू एसटीत मांडीवर धरून आणला होता. प्रबंधाची मुदत एकदा वाढवून झाली होती. हे थेंब हुकले, तर सगळं पुन्हा मांडायला वेळ नव्हता.

दुपारी पुनमच्या सोयरिकीसाठी पाहुणे आले. मुलाचे वडील रामप्रसाद सौम्यपणे म्हणाले,

"हातातलं शिक्षण पुरं कर, बाई. तेवढं आमी थांबतो. मात्र लग्नानंतर नवं काही न्हाई."

पुनमच्या वडिलांनी, उत्तमरावांनी, मान हलवली. पुनमनेही हलवली. तेवढंच तर तिला हवं होतं.

सुपारी फुटली. सखुबाई वाटी घेऊन घरभर फिरल्या. देवाला साखर, जात्याला साखर, गोठ्यात हंबरणाऱ्या कपिलेला साखर.

पाहुणे वाटेला लागल्यावर पुनम कोनाड्यापाशी आली. चंबूचा कापसाचा बोळा तिरका बसला होता. काचेच्या काठाला चार पांढरे कण.

"आई, ह्यात काय टाकलंस?"

"घरात सगळ्यायचं तोंड गोड झालं, अन् तुझं लेकरूच तेवढं उपाशी? चिमूटभर टाकली, माय."

पुनमने चंबू उजेडात धरला. आत ते एन्झाइम निजायला लागलं असेल. उघडलेली पानं एकेक करून मिटत असतील. तिने बोळा नीट बसवला, अजून काही राखायचं असल्यासारखा.

"काही बिघडलं का गं?" सखुबाईंचा हात वाटीतच थबकला.

पुनमने त्या हाताकडे पाहिलं.

"न्हाई."

"मंग तूच राहिलीस. आ कर."

तिने आ केला. साखर जिभेवर पडली, आणि पुनमने तोंड मिटून घेतलं.