डब्यातली अर्धुकं

चाळीस वर्षं वर्तमानपत्रात लोकांची टिंगल करून मी निवृत्त झालो, त्यालाही आता सहा वर्षं झाली. त्यामुळे चित्रपट महोत्सवाच्या संयोजक बाईंचा फोन आला तेव्हा माझी छाती दोन इंच फुगली. मतमोजणीवर देखरेख करायला त्यांना निःपक्षपाती माणूस हवा होता.

"मीच का?" मी विचारलं. अशा वेळी विचारायचं असतं.

"तुम्ही सगळ्यांनाच सारखं झोंबेल असं लिहिलंत," बाई म्हणाल्या. "तुमच्या बाजूचं कोणी उरलेलंच नाही."

इतकं स्वच्छ प्रशस्तिपत्र मला नोकरीत असतानासुद्धा मिळालं नव्हतं. मी होकार दिला.

महोत्सवात यंदा समलिंगी प्रेमावरच्या पाच चित्रपटांची स्पर्धा होती आणि बक्षीस प्रेक्षकांच्या मतांवर ठरायचं होतं. पद्धत सोपी. आत जाताना प्रत्येकाला एक लांबट हिरवी चिठ्ठी मिळायची. तिच्या एका कडेला एक ते पाच आकडे ओळीनं छापलेले. चित्रपट जितका आवडला त्या आकड्यापाशी चिमटीनं कड थोडी फाडायची आणि बाहेर पडताना चिठ्ठी दारातल्या पेटीत टाकायची. पेन लागत नाही, चष्मा लागत नाही, फारसा विचारही लागत नाही.

पाचही चित्रपट मी पाहिले. त्यांतल्या तिनांत शेवटी कोणी ना कोणी पाण्याकडे बघत उभं राहतं. प्रेम कुणाचं कुणावर का असेना, दिग्दर्शकाला शेवट सुचला नाही की त्याला पाणी लागतं.

पेटी घेऊन दारात उभे असायचे ते कात्रीकाका. या थेटराच्या दारावर एकतीस वर्षं हा एकच माणूस आहे. खरं नाव पगारपत्रकात असेल. लोक कात्रीकाका म्हणतात, कारण त्यांनी हातानं फाडलेलं तिकीट कात्रीनं कापल्यासारखं दिसतं. डावं अर्धुक त्यांच्या पेटीत, उजवं तुमच्या हातात. ते तिकिटाकडे बघत नाहीत आणि तुमच्याकडेही बघत नाहीत. आतले दिवे गेले की दार बंद, मग बाहेर मंत्री असो की मी. एकदा मला दोन मिनिटं उशीर झाला, तर त्यांनी मला मध्यंतरापर्यंत बाहेरच्या बाकावर बसवलं आणि वर स्वतःच्या खिशातून चहा पाजला. मी त्यांच्यावर एक लेख लिहिला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि फाडला. बरोबर मधोमध.

महोत्सवाचा आठवडा त्यांना जड जातो. सगळ्यांच्या गळ्यात पास, फाडायला काही नाही. पाच दिवस ते नुसती मान हलवत दारात उभे होते, निवृत्त माणसासारखे. ती अवस्था मी ओळखतो.

पाचवा चित्रपट शेवटच्या दिवशी, दुपारी एकचा. तो कात्रीकाकांच्या लेकीचा होता. हे थेटरात मला आणि भिंतींनाच माहीत होतं. लहानपणी ती तिकीट खिडकीमागच्या खोलीत बसून गृहपाठ करायची. चित्रपट तिला फक्त भिंतीतून ऐकू यायचा. ऐकलेल्याला चित्र जोडायची सवय तिला तिथंच लागली असावी. आता ती दिग्दर्शक झाली होती, आणि तिच्याबरोबर चार वर्षं राहणारी तिची जोडीदार चित्रपटाचा आवाज सांभाळायची. कानांवर मोठे हेडफोन असल्यामुळे सगळे तिला कानवाली म्हणत.

चित्रपट दोन बायकांचा होता, शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या. तासभर त्या बोलतात कमी आणि तेल घालतात जास्त. मग त्यातली धाकटी एके दिवशी वडलांच्या दारात उभी राहते आणि सांगते, की ही नुसती मैत्रीण नाही, आम्ही आयुष्यभर एकत्र राहणार आहोत. वडील वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणतात, "दार लाव. वारा येतोय."

सगळं थेटर हसलं. मीही हसलो. काय रचलंय वाक्य, असं मनात म्हटलं आणि थोडा हेवाही वाटला.

अडीच वाजता चित्रपट संपला. तीन वाजता मी आणि संयोजक बाई खिडकीमागच्या खोलीत पेटी घेऊन बसलो. पाच वाजता निकाल सांगायचा होता. बाईंनी पेटी टेबलावर उपडी केली आणि त्यांचा हात तसाच पेटीवर राहिला.

चिठ्ठ्या अर्ध्या होत्या. एकशे अडतीसच्या एकशे अडतीस. प्रत्येकीवर एक आणि दोन हे आकडे होते, तीन मधून चिरलेला होता आणि चार-पाच बेपत्ता. तीनला मत देणाऱ्यांचं सगळ्यांत वाईट झालं होतं. मध्यममार्गी माणसांचं ते नेहमीच होतं.

"हा घातपात आहे," बाई म्हणाल्या. "कुणाला तरी हे विषय खुपतात. मला पत्रंही आली होती."

"पत्रं मलाही यायची," मी म्हटलं. "पण लिहिणारा माणूस एकशे अडतीस चिठ्ठ्या फाडत बसत नाही. त्याला लेख पाठवायचा असतो."

"मग कोणी फाडल्या?"

"पेटीत सगळी डावी अर्धुकं आहेत, बाई."

बाई इथं एकतीस वर्षं नसल्या तरी सहा वर्षं होत्या. त्यांच्या डोक्यात उजेड पडला. पण त्यांनी एक अर्धुक उचलून माझ्यासमोर धरलं. "हे बघा की. वाकडं फाटलंय. कात्रीकाका असे फाडतील?"

खरंच वाकडं होतं. सगळीच वाकडी होती. कुठं लाट, कुठं दातरे, कुठं निम्म्यातून वळलेलं. मी कात्रीकाकांना हाक मारली. ते आले, चष्मा लावून एक अर्धुक पाहिलं, मग दुसरं पाहिलं. डॉक्टरनं आपलाच रिपोर्ट वाचावा तसा चेहरा झाला.

"माझीच आहेत," ते म्हणाले.

आणि नेमकी त्याच वेळी लेक दारात उभी होती. तिच्या मागं कानवाली.

"बाबा, माझ्या चित्रपटाची मतं तुम्ही फाडलीत?"

"हो."

"बाकीच्या चारांची?"

"नाही. तेव्हा आठवणीनं डावा हात खिशात घालून उभा होतो."

"म्हणजे माझीच."

काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मी मनात म्हटलं, अरे गृहस्था, बोल काहीतरी. पण ज्या माणसाची अख्खी कारकीर्द न बोलता लोकांना आत-बाहेर करण्यात गेली, त्याला आयत्या वेळी वाक्य कुठून सुचणार?

लेकीचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "आवडला नाही तर तोंडानं सांगायचं होतं. चार वर्षं आपल्या घरी अळीमिळी गुपचिळी आहे. रविवारी आम्ही जेवायला येतो, तुम्ही वाढता, हवापाण्यावर बोलता. मी ते चालवून घेतलं. पण हे?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ते दाराचं वाक्य मी लिहिलेलं नाही, काका. ते यांचंच आहे."

माझा हेवा जागच्या जागी विरला.

"वारा खरंच येत होता," कात्रीकाका पुटपुटले.

कानवाली आता पुढं आली. ती म्हणाली, "तेव्हा येत होता. मी जिन्यात उभी होते."

संयोजक बाईंनी नियमावली काढली. "नियम सात. दोन तुकडे झालेली चिठ्ठी बाद. मला वाईट वाटतंय, पण चित्रपट स्पर्धेतून जातो."

"दोन तुकडे जोडले तर?" मी म्हटलं.

"उजवे तुकडे आहेत कुठं?"

"लोकांच्या हातात दिले," कात्रीकाका म्हणाले. "सवयीनं."

"आणि त्यांनी घेतले?"

"घेतले की. कोणी विचारलंसुद्धा नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. या थेटरात अर्धुक घेऊन बाहेर पडलेला माणूस पुढं काय करतो, हे मी तीस वर्षं पाहिलंय. तो वाहनतळावर जातो आणि ते टोकनच्या पत्र्याच्या डब्यात टाकतो. टोकन म्हणजे वाहनतळ सांभाळणारा. त्याचं तत्त्व एकच: अर्धुक आलं की गाडी सुटली. त्यावर काय छापलंय हे तो बघत नाही, आणि टाकणाराही बघत नाही.

मी कानवालीला डबा आणायला पिटाळलं आणि स्वतः बाहेरच्या दालनात जाऊन घोषणा केली. चहा पीत थांबलेल्या मंडळींना म्हटलं, "मघाच्या चित्रपटाची अर्धी चिठ्ठी ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती आणून द्यावी. लाजू नये. चूक थेटराची आहे." चौतीस जणांनी खिसे उलटे केले. एका आजोबांनी ती पुस्तकात खूण म्हणून घातली होती. पान हरवेल म्हणून ते ती देईनात, मग मी त्यांना माझं ओळखपत्र दिलं.

डबा घेऊन टोकन स्वतःच आला. डब्यात सत्त्याण्णव हिरवी अर्धुकं.

"मला वाटलं, नवीन तिकिटं निघाली," तो म्हणाला. मग कानवालीकडे बोट करून त्यानं कात्रीकाकांना विचारलं, "ही पोरगी कोण हो? माझ्या डब्यावर अशी झडप घातली!"

कात्रीकाकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. लेक टेबलाकडे बघत राहिली. "मी आवाजाचं काम करते," कानवालीच म्हणाली, आणि बसली.

मग टोकनला डब्यापाशी बसवून आम्ही पाच जण जोड्या लावायला बसलो. आणि इथं त्या वाकड्या फाडण्याचा उपयोग झाला. कात्रीकाकांनी नेहमीसारखं सरळ फाडलं असतं तर कुठलंही अर्धुक कुठल्याही अर्धुकाला लागलं असतं. आज प्रत्येकाची कड वेगळी होती. लाटेला लाट, दाताला दात. बाई चिकटपट्टी लावत होत्या आणि नियमावलीकडे बघायचं टाळत होत्या.

"एकतीस वर्षांत एकही वाकडं नाही," मी सहज म्हटलं. "मुद्दाम मतं बुडवायची असती, तर माणसानं निवांत, सरळ फाडली असती."

लेकीनं पुढचं अर्धुक उचललं. पण तिचे हात जरा सावकाश चालायला लागले.

साडेचारच्या सुमाराला ढिगाच्या तळातून तिनं एक अर्धुक ओढलं. ते गुलाबी होतं. महोत्सवाचा पास नसलेल्यांसाठी खिडकीवर सुटं तिकीट मिळायचं, पण ते क्वचितच कोणी घ्यायचं; त्याचं ते डावं अर्धुक. शेवटची रांग, दारालगतची खुर्ची, दुपारी एकचा खेळ. हे एकटंच सरळ फाटलं होतं, कात्रीनं कापल्यासारखं.

"हे कुणाचं?"

कात्रीकाकांनी शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली आणि दुसरं अर्धुक काढून टेबलावर ठेवलं. दोन्ही कडा अशा बसल्या की बाईंच्या चिकटपट्टीला कामच उरलं नाही.

"तुम्ही तिकीट काढलंत?" लेक म्हणाली. "इथं? बाबा, तुम्ही दारावरच असता."

"दारावरून बघितला असता तर ती ड्युटी झाली असती," ते म्हणाले. "तिकीट काढलं की आपण बघायला गेलो असं होतं." मग ते पुढं म्हणाले, "आत शिरताना स्वतःच फाडलं. बसलो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा एखादा चित्रपट पूर्ण बघितला. ते दाराचं आलं, सगळे हसले. मला कळेना, मी हसायचं की कसं. संपल्यावर पेटी घेऊन उभा राहिलो, पण समोरचं काही नीट दिसत नव्हतं. हातांना जे येतं ते हात करत बसले."

टोकननं नाक ओढलं आणि डबा पुसायला घेतला. त्यात पुसण्यासारखं काही नव्हतं.

लेकीनं गुलाबी तिकिटाची दोन्ही अर्धुकं उचलली आणि आपल्या पाकिटात घातली. "जेवायला किती वाजता येऊ उद्या?" तिनं विचारलं.

"उद्या रविवार नाही."

"माहितीये."

"आठला या," काका म्हणाले.

एकशे एकतीस चिठ्ठ्या जुळल्या. सात जुळल्या नाहीत. "शेवटून चौथी रांग," कात्रीकाका म्हणाले. "ते लोक कागद नेहमी खालीच टाकतात." बाईंनी जुळलेल्या धरल्या, आणि त्यातून निकाल असा लागला की लेकीचा चित्रपट दुसरा आला. पहिला आला तो पाण्याकडे बघणाऱ्यांपैकी एक. मी निःपक्षपाती असल्यामुळे त्यावर काही बोललो नाही. घरी येऊन बोललो.

पाचला पाच कमी असताना सगळे आत जाऊन बसले. लेक मधल्या रांगेत, शेजारची खुर्ची पिशवी ठेवून अडवलेली. कानवाली टोकनबरोबर डबा परत ठेवायला गेली होती, कारण डब्याशिवाय तो गाड्या सोडेना. दिवे गेले. व्यासपीठावर बाईंनी माइकवर दोनदा फुंकर मारली. मी मागं वळून पाहिलं. दार उघडं होतं आणि कात्रीकाका ते पाठीनं रेटून उभे होते. दालनातला उजेड थेट पडद्यापर्यंत आला होता.

"अहो, दार लावा!" शेवटून चौथ्या रांगेतून कोणीतरी ओरडलं. "उजेड येतोय!"

"येऊ दे," कात्रीकाका म्हणाले, आणि एकतीस वर्षांत प्रथमच त्यांचा आवाज पडद्यापर्यंत पोचला. "आमचं माणूस यायचंय."

मधल्या रांगेत लेकीनं पिशवी उचलून मांडीवर घेतली.

कानवाली पळत आली, दारात क्षणभर थबकली आणि त्यांच्या हाताखालून आत गेली. मग त्यांनी दार लावलं. माझ्या वेळी दोन मिनिटांचा उशीर चालला नव्हता. तिला चार झाली होती. मी मोजली.