बारा वेळा 'फोटो'

२०१९च्या दुष्काळात करमाड भागातल्या टँकरची वेबसाइट करायचं काम औरंगपुऱ्यातल्या एका छोट्या ऑफिसला मिळालं. अंध लोकांनाही ती वापरता आली पाहिजे, अशी अट होती. म्हणजे प्रत्येक चित्रामागं मजकूर लिहायचा. अंधांचा फोन चित्राऐवजी तो मोठ्यानं वाचून दाखवतो. हे काम करणाऱ्या तनुजाला घाई होती. तिनं बाराही चित्रांमागं एकच शब्द लिहिला: फोटो. तपासणीच्या प्रोग्रॅमनं शंभरपैकी शंभर गुण दिले. मालक विश्वजीतनं पेढे वाटले.

तिसऱ्या दिवशी करमाडहून फोन आला.

"ताई, मी कडुबा. मला दिसत नाय. टँकर कधी हाय ते बघाया गेलो, तर माझा फोन बारा वेळा 'फोटो' म्हनला."

"काका, पण तपासणीत सगळं हिरवं आलंय."

"आलं असंल. हिरवं तर इथं डोळस माणसालाबी तीन वर्षं दिसंना."

तनुजा ओशाळली. दुपारभर बसून तिनं एकेका चित्रामागं दहा-दहा ओळी लिहिल्या. पहिल्याच चित्रात टँकर समितीचे अध्यक्ष काकासाहेब: पांढरा सदरा, भरघोस मिशा, टँकरला घातलेला हार. वेळापत्रकही चित्रच होतं, तेही सगळ्यात शेवटी. पुन्हा शंभर गुण.

"लई भारी लिव्हलंय," कडुबाचा फोन आला. "पर साहेबांच्या मिशा संपस्तोवर टँकर येऊन गेला."

मग तिनं वेळापत्रक साधं टाइप करून सगळ्यात वर टाकलं. नुसत्या शोभेच्या चित्रामागची जागा मोकळी सोडायची, म्हणजे फोन ते गाळून पुढं जातो, असा नियमच होता. तो तिनं काकासाहेबांना लावला.

दोन दिवसांनी हे कानावर गेल्यावर काकासाहेब तणतणत ऑफिसात आले. "मी शोभेचा?"

विश्वजीत टेबलाखाली पेन शोधू लागला. तनुजानं सरळ कडुबाला फोन लावून स्पीकर चालू केला.

"साहेब, आता टँकर बरोबर घावतो," कडुबा म्हणाला. "आमची कारभारीण सारजा रोज तुमचं नाव घेऊन बोटं मोडायची. कालपासनं बंद केलंय."

काकासाहेब खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "राहू द्या तसंच. चहा सांगा."

आता कडुबाच्या ओट्यावर सकाळी गर्दी असते. उन्हात मोबाइलवरची अक्षरं दिसत नाहीत, म्हणून चांगल्या डोळ्यांची माणसंही टँकरची वेळ त्यालाच विचारायला येतात.