गुरुदासचं सिमिट

बोटीवरची बटलरची नोकरी सोडताना भाईंनी मुंबईच्या लिलावातून एक लोखंडी टब घरी आणला होता. आता त्यांचे गुडघे धरले होते. टबाच्या काठावरून पाय टाकायचा म्हणजे दोघांनी उचलायचं. म्हणून टब काढून सपाट न्हाणी करायची आणि वर फवारा लावायचा, असं ठरलं. त्यांच्या बायकोने, नर्मदाबाईंनी, गनी गवंड्याला बसवून फरशी, नळ, मजुरी सगळ्याचा हिशेब काढला, पण सिमिटाची किंमत ऐकून त्यांनी हिशेबाचा कागद बाजूला सारला.

शेजारचा चुलतदीर गुरुदास लगेच म्हणाला, "वैनी, सिमिटाची काळजी नको. ता मी देतंय."

नर्मदाबाईंच्या कपाळाला आठी पडली. ज्याने कधी कढीपत्त्याचं पान दिलं नाही, तो सिमिट देतो?

"गो, भाव आसा माझो!" भाई म्हणाले.

"म्हणानच," असं म्हणून त्या मागीलदारी गेल्या.

न्हाणीचं पाणी आजवर त्यांच्याच माडांना जात होतं. गनीने चुन्याने आखलेली नव्या पाटाची रेघ मात्र त्या माडांना वळसा घालून थेट दोन आवारांमधल्या दगडी गडग्याकडे गेली होती. गडग्यापलीकडे गुरुदासने नुकतीच माडाची रोपं लावली होती.

"गनी, ही रेघ कोणी घालूक सांगली?"

"गुरुदासांनी. सिमिट त्यांचा मा!"

नर्मदाबाईंनी पायाने रेघ पुसली आणि गडग्यावरून हाक मारली, "भावजी, पाट आमच्या माडांकडे वळवलंय. सिमिट कधी धाडतास?"

 पलीकडून गुरुदासचा आवाज आला, "वैनी, टब काय वायट आसा?"