बारा खिळ्यांचा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे. कुत्र्याच्या गळ्यातला, कातड्याचा, बारा खिळे बाहेर आलेला. नाकं मुरडू नका, मित्रांनो. तुमच्या गळ्यातल्या ताइतानं आजवर कुणाला वाचवलंय ते मला ठाऊक आहे! मी निदान बिबट्यासाठी जन्मलो होतो.

माझा जन्म सुप्याच्या बाजारातला, एकोणीसशे एकोणपन्नास सालचा. कातडं एका मेलेल्या बैलाच्या घुंगरपट्ट्याचं. लोहारानं त्यात बोटाच्या पेराएवढे बारा खिळे ठोकले आणि म्हणाला, "बिबट्यानं मान धरली तर त्याचंच तोंड फाटंल." तेव्हा मी जो फुगलो तो फुगलोच.

आणि नशिबी आलं काय, तर बाजारकुणंग गावच्या परशूचं घर! भातशेतीचे चार तुकडे, एक बैलगाडी, बायको फुला आणि दोन विलायती कुत्री. लाकडाच्या कंपनीतला गोरा साहेब मायदेशी निघाला, तेव्हा परशूनं त्याचं सामान गाडीतून पोचवलं. साहेबानं बक्षीस म्हणून ही दोन पिल्लं त्याच्या पदरात टाकली आणि सुटला. एक फॉक्स टेरियर, पांढरा, तपकिरी कानांचा, एका जागी ठरेल तर शपथ. त्याला फुटाणा म्हणत. दुसरा बुल टेरियर, ठेंगणा, जाडजूड, दुध्या भोपळ्यासारख्या लांबट तोंडाचा. तो भोपळा. फुटाणा गवताच्या गंजीत शिरून उंदीर बाहेर हाकलायचा आणि भोपळा पलीकडे जबडा वासून बसायचा. मी येईपर्यंत दोघं एकाच पोत्यावर, एकमेकांच्या मानेत तोंड खुपसून झोपायची, असं फुला कौतुकानं सांगायची. कुत्र्यांचं कसलं आलंय कौतुक!

पट्टा एक आणि कुत्री दोन. "भोपळा दांडगा हाय, त्येला काय हुतंय?" असं म्हणून परशूनं मला फुटाण्याच्या गळ्यात बांधलं. बांधलं ते बांधलंच. काढायचं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. डोकं होतं की मडकं, देव जाणे.

पहिल्याच संध्याकाळी फुटाणा रोजच्यासारखा भोपळ्याच्या कुशीत शिरला, आणि भोपळा केकाटत उठला. मी मनात म्हटलं, एवढा मोठा देह आणि असा भित्रा! दुसऱ्या दिवशी तो गुरगुरला. आठवड्याभरात त्यानं फुटाण्याचा कान फोडला. भोपळ्याच्या मानेवर खपल्या दिसल्या, तर फुलानं गोचिडी समजून हळद लावली. मी बघत होतो. वाचा असती तरी बोललो नसतो.

मग सल्ला द्यायला शेजारचा वासूअण्णा आला. कधीकाळी साहेबाच्या बंगल्यावर पाणी भरलं, तेवढ्यावर हा कुत्र्यांतला पंडित. म्हणाला, "फॉक्स म्हंजे कोल्हा आन् बुल म्हंजे बैल. कोल्हा आन् बैल कधी एका दारात नांदलेत काय, परशू? जातीच येगळ्या हैत. एक घालव." परशूनं मान डोलावली. मूर्खाला पंडित लवकर पटतो.

फुलाला मात्र दोन्ही हवी होती. तिला पोर नव्हतं, जी काय माया होती ती ह्या दोघांवर. ह्या घराची एक रीत होती. भावाभावांत वाकडं आलं की नव्याच्या सणाला दोघांनी एकाच पानावर नव्या भाताचा घास घ्यायचा. बांधाच्या भांडणानंतर परशू आणि त्याचा थोरला भाऊ असेच जेवले होते. "हीबी भावंडंच की," फुला म्हणाली. तिनं अंगणात केळीच्या पानावर भात, गूळ, खोबरं वाढलं. अख्खी वाडी बघायला लोटली. दोन्ही तोंडं एकदम पानावर झुकली, आणि माझा एक खिळा भोपळ्याच्या डोळ्यात गेला.

जो कल्लोळ झाला तो विचारू नका. फुला सोडवायला मधे पडली आणि भोपळ्याचा दात तिच्या तळव्यात रुतला.

"रगताची चटक लागली त्येला," वासूअण्णा ओरडला. "आता गोळी घाल, न्हाईतर कुळगीच्या लाकूडतोड्यांकडं सोड."

फुला रडत राहिली. परशूनं सकाळी भोपळ्याला गाडीला बांधून कुळगीला नेलं आणि एकटाच परतला. मला, खरं सांगतो, आनंद झाला. घरात आता मान फक्त माझा!

चार दिवस फुटाण्यानं अन्नाला तोंड लावलं नाही. रिकाम्या पोत्यावर पडून राहिला. पाचव्या दिवशी फुलानं त्याला मांडीवर ओढलं आणि त्याच्या मानेवर गाल टेकला. टेकला आणि झटक्यात उचलला. गालावर रक्ताचा थेंब होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. खिळ्यांवरून बोट फिरवलं. मग तिला त्या खपल्या आठवल्या.

"अगं बाई माझे! गोचिडी कुठल्या, ह्यो टोचत हुता!"

परशू खळ्यात भात झोडत होता. तिनं मला त्याच्या पायाशी भिरकावलं.

"बघा ह्ये! कोल्हा न्हाई आन् बैल न्हाई. फुटाणा मायेनं जवळ यायचा, तवा खिळं लागायचं भोपळ्याला. मुकं जनावर, सांगणार कुणाला? आन् आपुन त्येलाच घालवलं!"

"पर बिबट्या..."

"बिबट्या घरात निजाय येतोय व्हय? आत आलं की काडायचा, भाईर जाताना बांदायचा. दोन म्हैने एवढं बी सुचलं न्हाई आपल्याला?"

परशूनं झोडणं टाकलं आणि बैल जुंपले. फुलाही गाडीत बसली.

तिसऱ्या दिवशी दोघं भोपळ्याला घेऊन आली. हाडं वर आलेली, एक डोळा पांढरा पडलेला. फुटाणा कुईकुई करत धावला आणि थेट त्याच्या मानेत शिरला. मी तेव्हा खुंटीवर होतो. भोपळा पळाला नाही, गुरगुरला नाही. त्यानं उरलेला डोळा मिटला, मान आखडली आणि टोचण्याची वाट पाहत उभा राहिला. काहीच टोचलं नाही, तरी बराच वेळ तसाच उभा होता. नंतर खाली बसला. पुढं नऊ वर्षं दोघं एकाच पोत्यावर झोपली, आणि नऊ वर्षं रोज भोपळा आधी डोळा मिटून मान आखडायचा.

परशूला हसलो, वासूअण्णाला हसलो, पण त्या मिटलेल्या डोळ्यापुढं माझी मलाच लाज वाटली. अजून वाटते.

आता दोन्ही कुत्री नाहीत. मी गंजून खुंटीवर लोंबतोय. मित्रांनो, तुमच्या घरात दोघं भांडत असतील, तर त्यांच्या जाती मोजत बसू नका. कुणाच्या गळ्यात तुम्ही काय बांधलंय, ते आधी हात लावून बघा.

आणि बिबट्या? तो कधी आलाच नाही. माझ्या बारा खिळ्यांना उभ्या आयुष्यात रक्त लागलं, ते घरच्यांचंच.