चाकांतलं पाणी

रिकाम्या स्वयंपाकघरात कॉफीच्या किटलीचं झाकण खडखडलं, आणि लिओनाच्या ध्यानात आलं, घरात आवाज करणारी एवढीच वस्तू आता उरली आहे. बाकी सगळं काल शेजाऱ्यांनी ट्रकमध्ये भरून नेलं होतं. आयोवात खंडाच्या शेतावरचं कुळ बदलतं ते मार्चच्या पहिल्या तारखेला. दुपारी नवं कुटुंब आपल्या गाद्या-खुर्च्या घेऊन दारात येणार होतं. ज्या घरातला माणूस गेला, त्यालाही ही तारीख चुकत नाही.

तिनं किटली टॉवेलात गुंडाळली, चार वर्षांच्या ब्रिटाला कोट चढवला आणि दोघी बाहेर आल्या. अंगणात तिचे सासरे हार्लन पिकअपला ट्रेलर जोडून उभे होते. न्यायचा राहिला होता फक्त डेलचा लाल ट्रॅक्टर. डेल, लिओनाचा नवरा, लांबलेल्या दुखण्यानं नोव्हेंबरात गेला. ट्रॅक्टर विकून टाक असं सांगणारे पुष्कळ भेटले. पण ब्रिटा मोठी होईपर्यंत तो नदीपलीकडे आजोबांच्या कोठारात राहील, असं लिओनानं ठरवून टाकलं होतं. डेलचं दुसरं काही तिनं मागितलंच नव्हतं.

"पोरीला घेऊन लांब उभी राहा," हार्लन म्हणाले. "आणि मला शिकवू नकोस."

"मी कुठे बोलले काही, आजोबा?" ब्रिटाच्या जन्मापासून तीही त्यांना आजोबाच म्हणायची.

"बोलणार होतीस. तोंडावर दिसतंय."

त्यांनी ट्रॅक्टर फळ्यांवरून सावकाश वर घेतला. ट्रेलरच्या लाकडावर एक जुनी पांढरी रेघ होती, तिथे पुढची चाकं टेकल्यावर थांबवला. हा ट्रॅक्टर त्यांनीच मुलाच्या लग्नात दिलेला. तेव्हाही याच ट्रेलरवर, याच रेघेवर ठेवून इथे आणला होता. तो किती जड आणि कुठे ठेवला की तोल राहतो, हे त्यांना स्वतःच्या वजनासारखं पाठ होतं. चारी कोपऱ्यांना साखळ्या लागल्या, टणटण वाजेपर्यंत आवळल्या गेल्या. वारा-पाऊस शिरू नये म्हणून धुराड्यावर डबा उपडा घालून झाला. मग तिघं निघाले.

नदीकडच्या उतारावर ट्रेलरनं मागून पहिला हिसका दिला. कोणी बाही ओढावी तसा, हलकाच. मग दुसरा, जोराचा. पिकअपचं मागचं अंग डावी-उजवीकडे फेकलं जाऊ लागलं. लिओनानं ब्रिटाला छातीशी दाबलं. हार्लननी पायाचा ब्रेक दाबला नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि ट्रेलरच्या ब्रेकचा छोटा दांडा हातानं हळूहळू ओढत राहिले. उताराच्या पायथ्याशी, खडीवर, गाडी उभी राहिली.

हार्लन उतरले. साखळ्या जशाच्या तशा घट्ट होत्या. पण जोडणीपाशी पिकअप दबायच्या ऐवजी वर उचललेली, म्हणजे ओझं ट्रेलरच्या मागच्या टोकाला गेलं होतं. त्यांनी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला बुटानं ठोकलं. भद्द आवाज आला.

"लिओना, यात काय आहे?"

"पाणी. गोठू नये म्हणून मीठ घातलेलं."

"कधी भरलं?"

"दुखणं कळायच्या आधी, आदल्या वर्षीच्या पानगळीत. चढावर चाकं घसरायची म्हणून. मीच नळी धरली होती."

"आणि बापाला सांगायचं नाही."

"तुम्ही वर्षभर चिडवलं असतं. डेल म्हणाला, म्हाताऱ्याला कळू देऊ नकोस. मग माझ्याही डोक्यातून गेलं ते."

"चिडवलं असतंच," हार्लन म्हणाले. "ट्रॅक्टर आहे का रांजण." ते हसायला गेले, पण ते जमलं नाही.

"थोडा पुढे सरकवला तर?"

"तोल साधेल, ओझं कमी नाही होणार. पुढे लाकडी पूल आहे आणि गाडीत ही पोर आहे. एक तर इथे या मर्व शेतकऱ्याच्या कुंपणाशी उतरवून ठेवू, नाहीतर पाणी सोडू."

कुंपणाशी ठेवलेले ट्रॅक्टर तिनं रस्तोरस्ती पाहिले होते. परत नेऊ म्हणून ठेवलेले, आणि आता पोटातून झाड उगवलेले.

"सोडा," ती म्हणाली.

साखळ्या सैल करून त्यांनी ट्रॅक्टर थोडा पुढे घेतला, चाकांच्या झडपा खाली येईपर्यंत. चाकांना लाकडी ठोकळे लावले, साखळ्या पुन्हा आवळल्या. मग झडपा काढल्या. पाणी सूं करत खडीवर पडू लागलं.

लिओनानं धारेखाली हात धरला. गारठलेलं, बुळबुळीत पाणी. त्या दिवशी नळी निसटून डेल नखशिखांत भिजला होता. "अगं, त्याला पाज, मला नको," म्हणाला होता, आणि खाली बसून हसत राहिला होता. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. त्यानंतरची कामं तिनं एकटीनं केली. पाणी बोटांमधून वाहत खडीत मुरत होतं. ओंजळ केली तरी किती राहणार होतं?

हार्लन पुढे गेले होते. पिकअपचं बॉनेट उघडून आत वाकले होते, तिकडे काही बिघडलेलं नसताना.

धार बारीक होत थांबली. टायर खाली बसले, साखळ्या लोंबल्या. हार्लन येऊन पुन्हा एकेक आवळू लागले. "हे विसरतात लोक," ते म्हणाले. "टायर बसले की साखळी सैल पडते. मग पुलावर ओझं सांडतात." पिकअपचं मागचं अंग आता जरासं दबलं होतं. त्यांनी वाकून पाहिलं आणि मान डोलावली.

गाडी पुलावरून गेली. ट्रेलर मुकाट मागे येत होता. मागच्या काचेतून ब्रिटा ट्रॅक्टरकडे बघत होती.

"आजोबा, आता तो हलका झाला?"

"झाला, राणी."

"म्हणून नेता येतोय?"

"हो. म्हणून."

ब्रिटा आईच्या मांडीवर वळून बसली.

"आई, बाबापण हलके झाले होते ना? तू एकटीच उचलून खुर्चीत बसवायचीस."

लिओनानं तिच्या कोटाचं वरचं बटण लावलं. ते आधीच लागलेलं होतं.

"मग त्यांना कुठे न्यायचं होतं?"