दगडाच्या दोन बाजू

या, पुढे सरकून बसा. गालाला कळू न देता वस्तरा कसा चालतो, त्याची गोष्ट सांगतो.

एका केशकर्तनालयात दोन साडू कामाला होते. दुकान सासऱ्यांचं, धारेचा दगडही त्यांचाच, एकुलता एक. थोरला दगडावर तेल सोडून वस्तरा घासायचा, धाकटा पाणी शिंपडून. वाद नको म्हणून त्यांनी दगड वाटून घेतला: वरची बाजू तेलाची, खालची पाण्याची. अकरा वर्षं सुरळीत गेली. म्हणजे दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

मग सासऱ्यांचे हात थरथरू लागले. खिडकीजवळची त्यांची खुर्ची रिकामी होणार होती. धाकटा अकरा वर्षं मोरीशेजारच्या खुर्चीमागे उभा राहून तिच्याकडे बघत आला होता. मोरीकडे उजेड येत नसे, वास येई.

सासरे म्हणाले, "जावईबापू, एकेक गाल घ्या. ज्याचा वस्तरा मला कळणार नाही, खिडकी त्याची."

थोरल्याने उजवा गाल घेतला. सासऱ्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. धाकट्याने मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि दगड पालटून आपल्या बाजूवर पाणी ओतलं. थेंब गोळा झाले आणि घरंगळून गेले. तेल झिरपत खालच्या बाजूला पोचलं होतं. हे त्याला वर्षभर दिसत होतं, पण तक्रार करायची म्हणजे थोरल्याशी बोलावं लागलं असतं.

त्याने तसाच डावा गाल घेतला.

"मामा, ओढतंय का?"

"छे! दाढी मुळासकट येतेय, पुन्हा करायला नको."

तेवढ्यात सासूबाई आल्या. "अहो, असे अर्धवट बसणार का?" त्यांनी दगड उचलला, गरम पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने घासला. काळं पाणी थांबेपर्यंत घासला. मग दाढीच्या ब्रशने त्यावर साबणाचा दाट फेस पसरला आणि त्यात वस्तरा फिरवला. पुढे चामड्याचा पट्टा. पुढे गाल. सासरे घोरू लागले.

"मामी, हे कुठे शिकलात?" धाकट्याने विचारलं.

"तुम्ही जेवायला गेलात की यांच्या वस्तऱ्याला धार कोण लावायचं? यांना कधी जमलीच नाही."

सासरे झोपेत असल्यामुळे त्यांना हे नाकारता आलं नाही.

खिडकी मामींची झाली. धाकट्याची खुर्ची त्यांनी मोरीपासून ओढून आपल्या शेजारी आणली. उजेड दोघांना पुरतो. आता थोरला फेस करतो, धाकटा दगड धुतो. त्यासाठी बोलावंच लागतं.

तेव्हा दाढी झाल्यावर गालावरून हात फिरवाल, तर मामींची आठवण काढा.